बापूची दोन घड्याळं

बापू गेल्याचं मला येलदरीला कळलं. तिसरीच्या वर्गावर होते, मुलं पाढे म्हणत होती, आणि पोस्टातला माणूस दारात येऊन उभा राहिला. झरीहून पोस्टात फोन आला होता. "बाई, तुमच्या भावाचं..." एवढं म्हणून तो थांबला. पुढचं त्याला म्हणवेना आणि मला विचारवेना. विद्यापीठाच्या नामविस्ताराच्या बातम्यांनी पेपर भरलेले होते, रस्त्यावर पोलिसांच्या गाड्या होत्या, जिंतूरहून पुढे एसटी मिळेल की नाही सांगता येत नव्हतं. मिळाली. घरी पोचले तेव्हा अंगणात बापूच्या शाळेतली मुलं गप्प बसली होती. सकाळी शाळेला निघताना बूट घालायला म्हणून खाटेवर बसला तो तसाच मागे कलंडला, असं शेजारच्या काकूंनी सांगितलं. एका पायात बूट होता. पन्नाशीही गाठली नव्हती त्यानं.

बापू म्हणजे दिगंबर, माझा थोरला भाऊ. झरीला शाळेत विज्ञान शिकवायचा. आई-वडील लागोपाठ गेले तेव्हा मी परकर-पोलक्यातली होते. माझी वेणी घालण्यापासून माझं लग्न लावून देण्यापर्यंत सगळं त्यानंच केलं. 'लग्न लावून दिलं' हे मी मुद्दाम लिहिलंय, कारण ते लागलं की नाही यावर पुढे गावोगावच्या पारांवर चर्चा झाली. त्याच्या तेराव्याला पोखर्णीचे तात्यासाहेब आले. ते माझे सासरे. सासरे आहेत म्हणू की होते म्हणू, हे शेवटपर्यंत वाचून तुम्हीच ठरवा. पांढरा फेटा, हातात चांदीच्या मुठीची काठी, मांडवात मधोमध खुर्ची. पंगत बसलेली असताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गडी हुशार व्हता. पर त्याच्या त्या घड्याळापायी माझ्या पोराचा संसार बुडाला. असू द्या. मेल्या माणसावर राग धरू न्हाई. माफ केलं मी त्याला." चार माणसांनी माना डोलावल्या. माझ्या हातात आमटीची बादली होती. ती त्यांच्या फेट्यावर ओतली नाही याची हळहळ मला अजून वाटते.

बापू किती शांत होता, मुलांना कसा जीव लावायचा, हे त्याचे विद्यार्थी लिहितील आणि ते खरंच असेल. मी शांत नाही. मी हे त्या एका 'माफ केलं'ला उत्तर म्हणून लिहिते आहे, आणि तात्यासाहेब पेपरची ही पुरवणी नेमाने वाचतात हे मला ठाऊक आहे.

पहिलं घड्याळ बापूनं केलं ते नामांतराची दंगल उसळली त्या पावसाळ्यात. शाळा बंद, एसटी बंद. आमच्या भागातल्या दलित वस्त्यांमधली घरं जळाली, बापूच्या वर्गातली दोन मुलं आई-बापांबरोबर परभणीला निघून गेली ती परत आली नाहीत. तो त्यांच्याबद्दल फारसं बोलायचा नाही, पण हजेरीत त्यांची नावं त्यानं वर्षभर कापली नाहीत. त्या बंद दिवसांत काहीतरी हाताला हवं म्हणून त्यानं हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेलं एक यंत्र उघडलं. कुठल्याशा प्रयोगशाळेतून भंगारात निघालेलं, काहीतरी मोजायचं यंत्र होतं ते, ट्रंकेएवढं जड. रेल्वेत ते मांडीवर घेऊन आला होता. त्यात काचेच्या नळ्या होत्या. अंगठ्याएवढी एकेक नळी, आणि आत बारीक तारेचे शून्य ते नऊ असे दहा आकडे एकामागे एक उभे. ज्या आकड्याला वीज द्यावी तो तेवढाच नारिंगी पेटायचा, बाकीचे नऊ अंधारात उभे राहायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातली भाकरी खाली ठेवून बघत बसले. शेजारची म्हातारी आली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "मास्तर, आकडे जळायलेत, पर राख कशी पडंना?" बापू त्यावर पुढे कितीतरी दिवस हसत होता.

ह्या नळ्यांना साध्या बॅटरीची वीज चालत नाही. त्यांना पावणेदोनशे व्होल्ट लागतात, आणि आमच्याकडे संध्याकाळी भिंतीतली वीज इतकी मरगळायची की दिव्याची तार नुसती लाल दिसायची. म्हणून बापूनं ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुंडाळला, आईच्या शिलाई मशीनच्या चाकावर. मी चाक फिरवायची आणि तो तांब्याची बारीक तार बोटांमधून सोडायचा. वेढे मोजताना कुणी बोललं की चुकायचं, म्हणून घरात मुक्यानं स्वयंपाक व्हायचा. चालू डब्यात हात घालताना तो डावा हात पाठीमागे धरायचा. दोन्ही हात आत गेले तर वीज छातीतून जाते, म्हणायचा. एकदा विसरला आणि भिंतीवर जाऊन आदळला. उठला आणि आधी नळ्या फुटल्या का ते बघितलं. सागवानी खोकं, वर सहा नळ्या ओळीनं, तासांच्या दोन, मिनिटांच्या दोन, सेकंदांच्या दोन. पहिल्यांदा ते सुरू झालं त्या संध्याकाळी अर्धी झरी आमच्या ओसरीवर होती.

आता ते घड्याळ वेळ कसा मोजायचं ते सांगते, कारण सगळं रामायण त्याच्यावर आहे. बापू ते शाळेतल्या मुलांना सांगायचा तसंच सांगते. भिंतीतली वीज सेकंदाला पन्नास ठोके देते. घड्याळ ते ठोके मोजतं, पन्नास झाले की एक सेकंद पुढे सरकतं. ठोके मंद पडले तर घड्याळही मागे पडतं, त्याचा त्यात दोष नाही. रब्बीत सगळ्यांच्या विहिरींवरच्या मोटारी एकदम चालू झाल्या की ठोके जरा मंदावायचे, म्हणून बापू रोज रेडिओवरच्या बातम्यांआधीच्या टोल्यांवर ते लावून घ्यायचा. वीज गेली तर नळ्या विझायच्या, पण आत टॉर्चचे सेल होते, त्यामुळे मोजलेला आकडा ते विसरायचं नाही. वीज आली की तिथूनच पुढे.

तात्यासाहेब मला बघायला आले आणि घड्याळ बघून गेले. कांदेपोह्यांची बशी हातात तशीच धरून ते त्या आकड्यांकडे बघत होते. मला काय येतं, किती शिकले, काही विचारलं नाही. जाताना म्हणाले, "मास्तर, लगीन ठरलं समजा. पर अक्षता ह्या घड्याळावर पडल्या पायजेत. आमच्या पावण्यांनी कुठं असलं बघितलं न्हाई." बापूनं परोपरीनं सांगितलं की हे घरात ठेवायचं खेळणं आहे, मुहूर्ताला गुरुजींचं मनगटी घड्याळ बरं. ते ऐकेनात. मग बापू म्हणाला, "बरं. पण एकच करा, तात्यासाहेब. पिन भिंतीत लावून ठेवीन, ती कुणी हलवायची न्हाई. ह्याला नुसती वीज लागत न्हाई, लयीतली वीज लागती." तात्यासाहेब हसले आणि हो म्हणाले. मी आतून ऐकत होते.

लग्न झरीलाच होतं, गोरज मुहूर्तावर. तात्यासाहेबांनी परभणीहून सलीमभाईंचा भाड्याचा जनरेटर आणवला होता, कारण झरीच्या विजेवर त्यांचा भरवसा नव्हता आणि मांडवाला इतके बल्ब लावले होते की झाडावरची पाखरं हैराण झाली. दुपारच्या बातम्यांना बापूनं घड्याळ लावलं, बोहल्यासमोरच्या टेबलावर ठेवलं, पिन घराच्या भिंतीत खोचली. मग दुपार कलताना नवरदेव मारुतीच्या पारावर गेला, आणि त्याला आणायला नवरीचा भाऊ जातो त्याप्रमाणे बापू गेला. वाजंत्री, नाचणारी पोरं... आमच्याकडे ती वाट कधी लवकर सरत नाही. तो परत आला तेव्हा अंतरपाट धरायची वेळ झाली होती. गुरुजींनी सवयीनं मनगटाकडे बघितलं तर तात्यासाहेब म्हणाले, "गुरुजी, आज तिकडं बघायचं न्हाई, आज हिकडं बघायचं." गुरुजींनी हात उपरण्याखाली घेतला. आकडे पुढे सरकत होते, मंगलाष्टकं चालली होती, आणि शेवटच्या सावधानच्या आधीच वऱ्हाडातल्या कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर संध्याकाळच्या बातम्या सुरू झाल्या. बातम्या सुरू व्हायच्या कितीतरी आधी मुहूर्त होता. समोर घड्याळात मात्र तो अजून यायचा होता. माझ्या हातात हार होता आणि मांडवातलं बोलणं एकेक करून बंद होत गेलं. पाव तास उशिरा माझ्यावर अक्षता पडल्या. त्याही सगळ्यांनी टाकल्या नाहीत.

तात्यासाहेब तेव्हाच म्हणाले, "मास्तर, मघाशी तुमच्या गावाची लाइट गेल्ती. तुमी पाराकडं व्हता तवा. पाव तास तरी गेल्ती. घड्याळ बंद पडलं असंल." मांडव जनरेटरवर चालला होता, त्यामुळे गावाची वीज गेली का राहिली हे कुणाला कळणार? बापूनं जाऊन बघितलं, पिन भिंतीतच होती. त्याला ते पटलं. वीज गेली की घड्याळ थांबतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? तो माझ्याजवळ आला, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "सुमे, मी बॅटरी लावायला पाहिजे होती." हे वाक्य तो पुढे वर्षानुवर्षं म्हणत राहिला. जेवताना मध्येच म्हणायचा. शाळेतून येऊन सायकल भिंतीला लावताना म्हणायचा.

सासरी मला कुणी मारलं नाही. त्याची गरजच नव्हती. म्हैस आटली, मुहूर्त टळला म्हणून. विहिरीचा कठडा ढासळला, मुहूर्त टळला म्हणून. तात्यासाहेब पंचायत समितीला पडले ते तर सरळ माझ्यामुळेच. माझा नवरा प्रभाकर वाईट होता का? नाही. तो कशातच नव्हता. वडील म्हणतील तिकडे मान. तिसऱ्या वर्षी मला पंचमीला माहेरी पाठवलं आणि न्यायला कुणी आलं नाही. दिवाळीला निरोप आला की मुहूर्त टळला म्हणजे लग्न लागलंच नाही, सबब पोरगी आमची नाही, तुमची तुम्ही ठेवा. बापू पोखर्णीला गेला. त्याला ओसरीच्या पायरीवर बसवलं, वर बोलावलं नाही. तात्यासाहेब म्हणाले, "तुमचं घड्याळ, तुमची बहीण, तुमीच बघा." बापू परत आला, घड्याळावर आईचं जुनं लुगडं टाकलं आणि ते बंद केलं.

मला त्यानं परभणीला डी.एड.ला घातलं. त्याच्या स्वतःच्या लग्नाची दोन ठिकाणी बोलणी झाली, दोन्ही मोडली. ज्यानं सख्ख्या बहिणीचा मुहूर्त बुडवला त्याच्या घरात मुलगी कोण देणार? तिसऱ्यांदा त्यानं कुणाला विचारलंच नाही. ह्याला जबाबदार कोण ते मी वर लिहिलेलंच आहे, पण पुन्हा लिहिते, पोखर्णीचे तात्यासाहेब. संध्याकाळी बापू दार लोटून घ्यायचा आणि दुसऱ्या घड्याळावर बसायचा. जुन्या यंत्रातल्या नळ्या उरल्या होत्या. ह्या घड्याळाला भिंतीची वीज नकोच, असं त्यानं ठरवलं. मोजायला क्वार्ट्झचा स्फटिक, जो स्वतःचे ठोके स्वतः देतो, आणि वीज ट्रॅक्टरच्या बॅटरीची. बारा व्होल्टांचे पावणेदोनशे करायचे म्हणजे किती ट्रान्झिस्टर जळाले त्याला हिशेब नाही; घरात सतत करपल्याचा वास असायचा आणि मी म्हणायची, बापू, आज काय जाळलंस? शेवटी जमलं. वीज गेली, आली, वादळ झालं, ते घड्याळ ढिम्म हललं नाही. कुणाला बोलावलं नाही त्यानं ते बघायला. मला म्हणाला, "आता हे असून काय उपयोग."

मग सलीमभाई भेटले. शाळेच्या संमेलनाला त्यांचाच जनरेटर आला होता. बापू सहज म्हणाला, त्या दिवशी तुमच्या इंजिनावर मांडव लखलखत होता, पण गावाची वीज गेली आणि आमचं वाटोळं झालं. सलीमभाईंनी विडी विझवली. "लाइट कब गई थी मास्तर? घडी की पिन तो मेरे जनरेटर में थी." बापूला आधी कळलंच नाही. सलीमभाईंनी सगळं सांगितलं. बापू पाराकडे गेल्याबरोबर, दुपार कलली तेव्हाच, तात्यासाहेबांनी स्वतः हुकूम केला होता की मास्तराच्या विजेचा काय भरवसा, घड्याळ आपल्या इंजिनावर घे, लोकांना दिसू दे कुणाच्या जोरावर चाललंय. आणि ट्रान्झिस्टर बोलायला लागला तेव्हा कानात म्हणाले, पिन काढून भिंतीत लाव, पटकन. "मेरेकू क्या मालूम, इंजन पे घडी सुस्त पडती. उनो बोले, मैं लगाया. उनो बोले, मैं निकाला."

बापू दुसऱ्याच दिवशी दोन्ही घड्याळं टेम्पोत घालून परभणीला सलीमभाईंच्या गोडाऊनवर गेला. एक जनरेटरवर, एक बॅटरीवर. मांडवाला लावले होते तितके बल्ब जनरेटरवर चढवले. इंजिन ओझ्यानं दबलं, ठोके मंदावले, आणि पहिलं घड्याळ दर मिनिटाला थोडंथोडं मागे राहायला लागलं. तो तिथे दुपारभर बसला. पाराकडे निघाल्यापासून गोरजपर्यंत जेवढा वेळ होता तेवढ्यात पाव तास मागे पडतं, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून आला. मी चूल फुंकत होते. दारातूनच म्हणाला, "सुमे... तुझं लगीन मी न्हाई मोडलं." आणि तिथेच उंबऱ्यात बसून रडला. इतकी वर्षं त्यानं ते स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं, आणि ज्यानं केलं तो माणूस फेटा बांधून दुसऱ्यांच्या लग्नांत पुढच्या खुर्चीवर बसत होता. मला रडू आलं नाही. मला त्या क्षणी काय काय करावंसं वाटलं ते पुरवणीत छापता येणार नाही.

लोक म्हणाले वकील करा. बापू म्हणाला थांबू. फार थांबावं लागलं नाही, कारण प्रभाकरचं दुसरं लग्न ठरलं, पोखर्णीलाच, नरसिंहाच्या देवळापुढच्या पटांगणात. मुलीच्या वडिलांना सांगितलं होतं की पहिलं लग्न लागलंच नव्हतं, एका खुळ्या मास्तराच्या घड्याळानं घोटाळा केला होता. जनरेटर सलीमभाईंचाच. त्यांना बापूनं एवढंच विचारलं की मला एक पिन लावायला जागा द्याल का. ते म्हणाले, दो लगाव.

त्या दिवशी ऊन उतरताना आम्ही टेम्पोतून पोखर्णीला उतरलो. बापू इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मी हिरवं लुगडं नेसून, गळ्यात मंगळसूत्र. देवळाच्या पायऱ्यांशी, मांडवाच्या तोंडाशीच, बापूनं टेबल मांडलं. दोन घड्याळं शेजारी शेजारी. एकाची वायर जनरेटरला, दुसरं खालच्या बॅटरीला. दोन्हीत सेकंदापर्यंत एकच वेळ लावली आणि तो हाताची घडी घालून उभा राहिला. कुणाला एक शब्द बोलला नाही. भांडण करायला आला असता तर चार गड्यांनी उचलून बाहेर टाकला असता. उभ्या माणसाला काय करणार? लोक जमले. आधी नळ्यांचं नवल, मग कुणाच्या तरी लक्षात आलं की एक मागे पडायलंय. "आरं, ह्ये बघ, ह्येचं एक सेकंद कमी हाय." मग दोन. मग पाच. ऊन जाऊन सावली झाली तसे आकडे लखलखीत दिसायला लागले आणि वऱ्हाडाची तोंडं बोहल्याकडून आमच्याकडे वळली. वाजंत्रीवालेसुद्धा येऊन बघून गेले. म्हातारी माणसं खाली बसली आणि मोठ्यानं मोजायला लागली. बापू विचारील त्याला शांतपणे सांगत होता, हे बॅटरीवर आहे, हे जनरेटरवर आहे. तिसरं वाक्य नाही.

तात्यासाहेब आले तेव्हा दोन घड्याळांत चांगली तीनचार मिनिटं पडली होती. त्यांनी पहिलं घड्याळ ओळखलं. त्यांचं तोंड मी बघितलं, आणि ते मी म्हातारपणापर्यंत पुरवून पुरवून आठवणार आहे. त्यांनी वायरकडे हात केला तेव्हा मुलीच्या वडिलांनी तो धरला. साधा शेतकरी माणूस, मुलीच्या लग्नाचा नवा सदरा अंगात. त्यांनी बापूला विचारलं, "मास्तर, झरीच्या लग्नात ह्यातलं कोणतं व्हतं?" बापूनं दाखवलं. "आन् पिन कुठं व्हती?" "भिंतीत लावली होती. मी पाराला गेलो तेव्हा ती जनरेटरला लावली गेली." "कुणी लावली?" जनरेटरपाशी बसलेल्या सलीमभाईंनी हात वर केला. "मैं लगाया. किसने बोला, वो उनकू पूछो." सगळे तात्यासाहेबांकडे बघायला लागले. ते काही बोलले असते तर कदाचित निभावलं असतं, त्यांना बोलायची सवय होती. पण तेवढ्यात गुरुजी, माझ्याच लग्नातले गुरुजी, बोहल्यावरून उठून आले, दोन्ही घड्याळांकडे नीट बघितलं आणि अगदी अदबीनं म्हणाले, "तात्यासाहेब, आजच्या अक्षता कोणत्या घड्याळावर टाकायच्या?"

कुणीतरी हसलं. मग पटांगणभर हसू पसरत गेलं. मुलीचे वडील हसले नाहीत. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "बाई, तुमी कोण?" मी म्हणाले, "मी प्रभाकरची बायको. लगीन लागलंच न्हाई म्हणायलेत ते माझं." त्यांनी माझ्या गळ्याकडे बघितलं, मागे वळले आणि वाजंत्रीवाल्यांना थांबा म्हणाले. मुंडावळ्या बांधलेली त्यांची पोरगी त्यांनी हाताला धरून नेली. जाताना तिनं मागे वळून घड्याळांकडे बघितलं, तिला नीट बघायलाच मिळालं नव्हतं.

त्यानंतर प्रभाकरला कुणी मुलगी दिली नाही. तात्यासाहेब पुन्हा निवडणुकीला उभे राहिले नाहीत, कारण पंचक्रोशीत त्यांचं नाव तात्या जनरेटर पडलं होतं आणि ते भाषणाला उभे राहिले की मागून कुणीतरी इंजिनाचा आवाज काढायचं. बापूला ह्या नावाचं वाईट वाटायचं. त्याचा सूड एका संध्याकाळपुरता होता. टेम्पोत घड्याळं चढवली आणि त्याच्यापुरतं ते मिटलं. माझं मिटलं नाही, मिटवायचंही नाही. ते नाव मी इथे मुद्दाम छापते आहे, ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी. आणि माफीचं म्हणाल तर बापूनं आयुष्यात तात्यासाहेबांचं काही बिघडवलं नव्हतं. माफी मागायला ते स्वतः त्याच्या हयातीत एकदाही झरीला आले नाहीत.

गेल्या आठवड्यात मात्र आले. मी येलदरीहून शनिवारची घरी आले होते, बापूची खोली झाडत होते. जीप दारात थांबली. आता थकलेत, काठीशिवाय उभं राहवत नाही. बापूच्या खाटेवर बसले. दोन्ही घड्याळं समोर चालू होती. बापू गेल्यापासून मी ती बंद पडू दिलेली नाहीत, बॅटरी गिरणीत नेऊन चार्ज करून आणते. त्यांनी तिकडे बघायचं टाळलं. म्हणाले, "सुमन, आता तुझ्या मागं कोण हाय? भाऊ गेला. तिकडं प्रभाकर आजारी असतो, माझ्यानं हिंडवत न्हाई, घरात बाईमाणूस न्हाई. झालं गेलं जाऊ दे. तू आमची लग्नाची सून हायेस. चल घरी."

मी केरसुणी खाली ठेवली आणि समोर बसले. पोखर्णी सुटल्यापासून त्यांना मामंजी म्हणायची वेळ आली नव्हती, आणि तेव्हाही मी म्हटलं नाही. म्हणाले, "तात्यासाहेब, तुमीच सगळ्यांना सांगितलं, मुहूर्त टळला, लगीन लागलंच न्हाई. मला ते पटायला लय वर्षं लागली. आता पटलंय."

तेवढ्यात वीज गेली. संध्याकाळची जाते तशी. भिंतीच्या विजेवरचं घड्याळ विझलं, बॅटरीवरचं चालू राहिलं, आणि खोलीत तेवढाच नारिंगी उजेड उरला. तात्यासाहेब उठायला लागले आणि काठी चाचपडायला लागले. उजवीकडे हात फिरवला, खाटेखाली फिरवला. काठी त्यांच्या डाव्या हाताशी, गादीला टेकून होती. मला स्वच्छ दिसत होती. बापू असता तर त्यानं उचलून त्यांच्या हातात दिली असती. मी बसून राहिले.